कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड पुन्हा पुन्हा का येतात : खेड्यातल्या घरासाठी क्रमवार तपासणी

मी पशुवैद्य नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूसपिकाच्या गावात प्राथमिक शिक्षक आहे. गेल्या अकरा वर्षांत घरच्या तीन कुत्र्यांचे आणि मोहल्ल्यातल्या बऱ्याच कुत्र्यांचे गोचीड काढण्याचे काम माझ्या वाट्याला आले. दर वेळी तक्रार एकच असते : औषध लावले, कुत्रा आठ दिवस स्वच्छ राहिला आणि महिन्याभरात पुन्हा कानात घोस लटकू लागले. लोक दोष औषधाला देतात. माझ्या अनुभवात औषध क्वचितच खोटे निघाले. गोचीड कुत्र्यावर दिसत असले तरी त्यांतले बहुतेक त्या वेळी कुत्र्यावर नसतात, भिंतीत असतात, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे सगळी मेहनत वाया जाते. पुढच्या तपासण्या त्या हिशेबाने, बिनखर्चाच्या आधी आणि खर्चाच्या शेवटी, अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नये, कारण पहिल्या तीन तपासण्या न करता थेट महागडी गोळी देणाऱ्यांची तक्रारच पुन्हा माझ्याकडे येते.

लक्षणे

कुत्रा मागच्या पायाने कान खाजवतो, मान सतत झटकतो आणि पायाच्या बोटांमधली जागा दातांनी कुरतडतो. कानाच्या आतल्या घड्यांत, काखेत, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवला की दाणे लागतात. रक्त पिऊन फुगलेली मादी करड्या रंगाची आणि एरंडीच्या बीसारखी दिसते. तिच्या शेजारी बहुधा एखादा चपटा, तपकिरी, तिळाएवढा नर असतो. सगळ्यांत लहान अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि ती लोकांना मळ वाटते. कुत्रा जिथे झोपतो त्या जागेवर रक्ताचे सुकलेले ठिपके दिसतात, आणि रात्री टॉर्च मारली तर भिंतीवरून वर चढणारे गोचीड सापडतात.

ही गोचिडांची लक्षणे झाली. ताप, न खाणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे, लघवी चहा-कॉफीच्या रंगाची होणे ही गोचिडांमुळे झालेल्या आजाराची लक्षणे आहेत. ती दिसत असतील तर खालच्या तपासण्या करत बसू नये. लेखाच्या शेवटी डॉक्टरांविषयी जे लिहिले आहे तिथे जावे.

पहिली तपासणी : दाणा गोचिडाचाच आहे का, आणि किती आहेत

याला पैसा लागत नाही. कुत्र्याला सकाळच्या उजेडात ओसरीवर आडवे झोपवावे, केस उलट दिशेने सारावेत आणि दाण्याच्या बुडाशी पाय दिसतात का ते पाहावे. हे हास्यास्पद वाटेल, पण पोटावरचे सड गोचीड समजून ओढणारा माणूस मी स्वतः पाहिला आहे, आणि मस आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तीन वेळा औषधाने आंघोळ घालणारे घरही पाहिले आहे. नुकत्याच निघालेल्या पिलाला सहा पाय असतात, पुढच्या दोन अवस्थांना आठ. चौथीच्या वर्गात भिंग देऊन हे दाखवले की मुले महिनाभर घरोघरी मोजत फिरतात.

मग आकडा लिहावा. डावा कान, उजवा कान, मान, चार पंजे, शेपटी, असे मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला नोंद करावी. मोजणीचा उपयोग असा की औषधानंतर संख्या खाली आली का, आणि आली असेल तर कितव्या दिवशी पुन्हा वर गेली, हे कळते. अंगाला लावायच्या औषधानंतर दोन-तीन दिवसांतच मोठे गोचीड दिसले तर औषध नीट लागलेले नाही. तीन आठवड्यांनी बारीक, खसखशीसारखे दिसले तर औषधाने काम केले आहे आणि घरातली अंडी फुटली आहेत. या दोन दुखण्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि नोंद नसेल तर दोन्ही सारखीच दिसतात.

दुसरी तपासणी : काढण्याची पद्धत

बारीक टोकाचा चिमटा, एक जुनी बाटली आणि तिच्यात बुडापुरते स्पिरिट किंवा साबणाचे दाट पाणी एवढेच साहित्य लागते. चिमटा गोचिडाच्या पोटावर न लावता अगदी कातडीलगत, तोंडापाशी धरावा आणि न पिळता, न झटकता, सरळ एकसारखा ओढावा. काढलेला गोचीड बाटलीत टाकावा. नखाने किंवा दगडावर चिरडू नये, कारण त्याच्या पोटातले रक्त आपल्या बोटाच्या चिरेत जाऊ शकते. याच तपकिरी गोचिडाकडून माणसाला ठिपक्यांचा ताप देणारा इंडियन टिक टायफस होऊ शकतो. पावसाळ्यानंतर आपल्या भागात ज्याची चर्चा होते तो स्क्रब टायफस मात्र गोचिडाचा नसतो, गवतातल्या अतिसूक्ष्म किडीच्या पिलांचा असतो. त्याचा राग कुत्र्यावर काढू नये.

आमच्याकडे या कामाचा दुसरा उपाय तयार असतो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकांनी मला तो सांगितला होता : “गुरुजी, थोडं घासलेट चोपडा ना, सकाळपावतर एक नाही राह्यत.” खरोखर राहिला नाही. पण आमच्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या मानेची कातडी भाजल्यासारखी सोलली, आणि त्याने जे चाटले त्याने दोन दिवस उलट्या झाल्या. घासलेट, गाडीचे जळके तेल, तंबाखूचे पाणी, पेटती अगरबत्ती यांतले काहीही वापरू नये. तंबाखूतले निकोटीन हे स्वतःच विष आहे. तेल किंवा चटका यांनी गोचीड सुटण्याआधी पोटातले द्रव जखमेत ओकण्याची शक्यता वाढते. आजार तिथून शिरू शकतो. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अपाय होत नाही, पण चिकटलेला गोचीड त्याने सुटत नाही, म्हणून त्यावर विसंबून दिवस घालवू नयेत.

काढताना कुत्रा चावू शकतो. तोंडाला सुती पट्टी सैलसर बांधावी, पण उन्हाळ्यात ती दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात जावे. घरचा कुत्रा आहे म्हणून टाळाटाळ करू नये.

तिसरी तपासणी : कुत्रा झोपतो ती जागा

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो आणि तिन्ही वेळा पिऊन झाल्यावर खाली उतरतो. पिल्लू काही दिवस पिते, गळून पडते आणि फटीत जाऊन कात टाकते. मधली अवस्था पुन्हा कुत्र्यावर चढते, पिते, उतरते. प्रौढ मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त पिऊन फुगते, उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारोंच्या संख्येने अंडी घालून मरते. उष्ण हवेत दोन-तीन आठवड्यांत अंडी फुटतात, थंडीत जास्त लागतात. सगळे चक्र उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांतही पूर्ण होते, आणि उपाशी प्रौढ गोचीड कित्येक महिने तसाच दबा धरून राहू शकतो. म्हणजे आज कुत्र्यावर पन्नास दिसले तर घरात त्याच्या कितीतरी पट आहेत, आणि कुत्र्याला लावलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट, हा गोचीड रानात फारसा टिकत नाही. त्याला घर आवडते. खाली उतरला की तो वर चढतो. मातीची भिंत, कवेलूंखालचे फाटे, चौकटीमागची पोकळी, बाजेच्या सुंभाची वीण या त्याच्या जागा आहेत. लोक अंगण झाडतात, गोठा धुतात आणि भिंत तशीच सोडतात.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात भुऱ्यावर चौथ्यांदा गोचीड आले तेव्हा मी रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन त्याच्या जागेपाशी बसलो. तो धान्याची कोठी आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत झोपायचा. पंधरा मिनिटांत सात गोचीड भिंतीवर चढताना मोजले. सगळे एकाच दिशेने, जिथे सारवण सुटून भेग पडली होती तिकडे जात होते. सकाळी खराट्याची काडी त्या भेगेत घालून माती उकरली, तर आत तपकिरी, चकाकणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या अंड्यांचा ढीग होता. चमचाभर तरी असेल, आणि त्यावर वाळून कोळ झालेली मादी. मी चार वेळा कुत्रा धुतला होता आणि ती भेग त्या सगळ्या काळात तिथेच, जमिनीपासून हातभर उंचीवर होती.

तेव्हा ही तपासणी रात्रीच करावी. कुत्र्याच्या सगळ्या जागा पाहाव्यात, कारण ऋतूप्रमाणे तो जागा बदलतो : उन्हाळ्यात माठाखालची ओल, पावसाळ्यात ओसरीचा कोपरा, थंडीत चुलीमागची राख किंवा कुटाराचा ढीग. ज्या जागेवर गोचीड सापडतील तिथले पोते किंवा गोधडी उकळत्या पाण्यात बुडवावी आणि मग टिनावर भर उन्हात दोन दिवस पसरावी. नुसते ऊन पुरत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टिन पोळून निघते हे खरे, पण भिंतीच्या भेगेत ते ऊन शिरत नाही, आणि उष्णता तर या गोचिडाला मानवते. अंथरूण शक्यतो पोत्याऐवजी जुन्या पांढऱ्या धोतराचे किंवा चादरीचे असावे, म्हणजे त्यावर फिरणारे दिसतात आणि आठवड्याला उकळता येते.

चौथी तपासणी : औषध खरोखर लागले होते का

इथून पैसे लागतात. आधी कुत्र्याचे वजन करावे. आमच्याकडे ते सोपे आहे : कापूस तोलायच्या काट्यावर कुत्र्याला घेऊन उभे राहावे, मग एकट्याचे वजन वजा करावे. अंदाजाने पंधरा किलोचा म्हटलेला भुऱ्या साडेएकवीस किलोचा निघाला. त्याला आधीच्या वर्षी दिलेले औषध कमी वजनाच्या कुत्र्याचे होते, आणि मी कंपनीला शिव्या देत होतो.

मानेवर सोडायचे थेंब असतील तर ते केसांवर न सोडता केस बाजूला करून कातडीवर सोडावे लागतात, आणि बहुतेक थेंबांसाठी आधी व नंतर दोन दिवस आंघोळ टाळावी लागते. आमच्याकडची कुत्री दुपारी नाल्यात जाऊन बसतात. थेंब सोडून त्याच दिवशी कुत्रा नाल्यात गेला असेल तर पैसे नाल्यात गेले असे समजावे.

अमिट्राझचे द्रावण असेल तर ते पाण्यात कालवून वापरायचे असते; प्रमाण बाटलीवरचे आणि डॉक्टरांनी सांगितलेले तेच घ्यावे, अंदाजाने चमचाभर वाढवू नये. द्रावण ताजे करावे, लावल्यावर पाण्याने धुऊ नये, सावलीत वाळू द्यावे आणि वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नये. लहान पिल्ले, आजारी किंवा मधुमेही कुत्री आणि मांजरे यांना हे लावू नये. लावल्यावर कुत्रा गुंगीत गेला, लडखडू लागला किंवा ओकू लागला तर अंग साध्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

तोंडाने द्यायच्या नव्या गोळ्या महाग आहेत, पण माझ्या अनुभवात सगळ्यांत भरवशाच्या त्याच ठरल्या. अफोक्सोलेनरची गोळी महिनाभर काम करते, फ्लुरालेनरची सुमारे बारा आठवडे. मात्र गोचीड चावल्यावरच ती त्याला मारते, म्हणून गोळी दिल्यानंतरही अंगावर गोचीड दिसतात. ते एक-दोन दिवसांत वाळून पडतात. ते न कळून तिसऱ्या दिवशी दुसरी गोळी देणारे लोक आहेत. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला या गटातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दोन गोष्टी कोणी कितीही आग्रहाने सांगितल्या तरी करू नयेत. पहिली, गाई-बैलांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्याला टोचणे. ते चारशे किलोच्या जनावराच्या मापाने बनवलेले असते, कुत्र्याच्या मापात ते एका थेंबाच्या चुकीने जास्त होते, आणि काही जातींच्या कुत्र्यांना तर थोड्या मात्रेतही ते मेंदूवर जाऊन मारते. दुसरी, शेतातले कीटकनाशक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जे औषध कपड्यावर उडून माणसाला आडवे करते ते कुत्र्याच्या कातडीवर चोळले आणि त्याने चाटले तर काय होईल याचा विचार करावा. लाळ गळणे, अंग थरथरणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे ही त्याची खूण आहे; अशा वेळी एक मिनिटही घरी घालवू नये.

घरात मांजर असेल तर आणखी एक सावधगिरी. परमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली काही औषधे कुत्र्याला चालतात, मांजराला मारतात. कुत्र्याला औषध लावले की ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना एका पोत्यावर झोपू देऊ नये.

पाचवी तपासणी : भिंत आणि जमीन

भेगा बुजवल्याशिवाय फवारणीला अर्थ नाही, आणि फवारणी न करता भेगा बुजवल्या तर आतले जिवंत बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता शोधतात. म्हणून आधी भेगेतली सैल माती काडीने खरवडून, घमेल्यात गोळा करून जाळावी, मग फवारा मारावा आणि दोन दिवसांनी शेण-मातीने किंवा सिमेंटने भेग बंद करावी. मातीच्या घरात जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतची भिंत, चौकटी, बाजेचे पाय आणि सुंभ, कोठीच्या मागची जागा यांवर लक्ष द्यावे.

फवाऱ्यासाठी पशुवैद्यकाने सांगितलेले, गोठ्यात वापरायला परवानगी असलेले डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ घ्यावे आणि लेबलवरच्या प्रमाणातच कालवावे. पंप मात्र वेगळा असावा. शेतातला पाठीवरचा पंप कितीही धुतला तरी त्याच्या नळीत आणि वॉशरमध्ये तणनाशक किंवा कीटकनाशक राहते. हातात धरायचा दोन लिटरचा छोटा पंप साध्या कृषी केंद्रात मिळतो. त्यावर खडूने “घर” असे लिहून ठेवावे. फवारताना कुत्रा, मांजर, कोंबड्या आणि लेकरे बाहेर असावीत, पाण्याचे माठ झाकलेले असावेत, आणि तोंडाला रुमाल, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. कोंबड्या गोचीड टिपतात हे खरे आहे. पण फवारलेल्या भिंतीखाली गळून पडलेले टिपू नयेत म्हणून दोन दिवस त्यांना त्या बाजूला येऊ देऊ नये.

एकदा फवारून थांबणे ही दुसरी मोठी चूक. अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. ती फुटली की नवी पिल्ले निघतात. म्हणून पंधरा ते वीस दिवसांच्या अंतराने निदान तीन वेळा फवारावे, आणि त्या सगळ्या काळात कुत्र्यावरचे औषधही चालू असावे. तारखा आधीच कालनिर्णयावर मांडाव्यात. माझ्या घरी ज्या वर्षी तिसरी फवारणी कापूस वेचणीच्या धांदलीत राहिली, त्याच वर्षी संक्रांतीला पुन्हा गोचीड आले.

सहावी तपासणी : बाहेरून येतात का

इतके करूनही आले तर ते बाहेरचे आहेत. गाईंच्या कासेखाली आणि बैलांच्या मानेच्या पोळीत दिसणारे गोचीड बहुतांशी वेगळ्या जातीचे असतात. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा गोचीड तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढतो. गोठ्यातला गोचीड चुकून कुत्र्यावर येतो, पण कुत्र्याचा खरा पुरवठा दुसऱ्या कुत्र्यांकडूनच होतो. म्हणून गोठा फवारणे चांगलेच, पण गोठ्याला दोष देऊन शेजारची आणि गल्लीतली कुत्री सोडू नयेत. जागलीला सोबत जाणाऱ्या कुत्र्याची वावरातून परतताना धुऱ्यापाशीच, म्हणजे शेताच्या बांधावरच, पाच मिनिटे तपासणी करावी. घरी नेऊन नाही.

हे काम एकट्या घराचे नाही, आणि ते माझ्या हातून खरे म्हणजे अर्धवटच झाले आहे. आमच्या मोहल्ल्यात सात घरांपैकी पाच घरांनी पोळ्यानंतरच्या रविवारी एकाच दिवशी कुत्र्यांना औषध आणि भिंतींना फवारा दिला. उरलेल्या दोन घरांतून दिवाळीपर्यंत पुन्हा पसरले. गल्लीतल्या बेवारस कुत्र्यांना चतकोर पोळीत गुंडाळून गोळी देता येते, पण वजनाचा अंदाज, पिल्लांना पाजणारी मादी आणि खर्च कोणाचा, हे प्रश्न आधी पशुवैद्यकासमोर ठेवावेत.

डॉक्टर कधी

गोचीड गेले तरी आजार मागे राहू शकतो. एर्लिचिया नावाचा जंतू शिरला तर चावल्यानंतर सुमारे एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, म्हणजे लोक “आता तर अंगावर एकही नाही” असे म्हणत असतात तेव्हा. बॅबेसिया हा दुसरा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्यात हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडतात आणि लघवी गडद होते.

घरी दोन गोष्टी तपासता येतात. कुत्र्याचे तापमान गुदद्वारातून साध्या डिजिटल थर्मामीटरने सकाळी ऊन चढण्याआधी घ्यावे. 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे ठीक, 103 च्या वर ताप. दुपारी घेतलेला आकडा आमच्या मे महिन्यात फसवतो, आणि नाक कोरडे आहे किंवा कान गरम आहेत यावरून काहीच ठरत नाही. दुसरे, वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबावे : पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे.

पुढीलपैकी काहीही असेल तर घरचे सगळे थांबवून कुत्र्याला घेऊन निघावे : सलग दोन जेवणे सोडली, 103 च्या वर ताप, पांढऱ्या किंवा पिवळ्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, कॉफीच्या रंगाची लघवी, मागचे पाय लडखडणे, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लावर मोठ्या संख्येने गोचीड. पिल्लू रक्त कमी होऊनच मरू शकते, आजार व्हायची वाट पाहावी लागत नाही.

कुठे जावे हेही लिहितो, कारण इथे वेळ जातो. श्रेणी-2 च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक असतात; तापाच्या कुत्र्याला श्रेणी-1 च्या दवाखान्यात, पदवीधर पशुवैद्यकाकडे नेणे बरे, कारण रक्ताची काचपट्टी आणि पेशींची मोजणी लागते. 1962 या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. आपल्या तालुक्यात ते कुत्र्यासाठी येईल का ते फोनवरच विचारून घ्यावे. अवघड प्रकरण असेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था या दोन्ही ठिकाणी चिकित्सालय आहे. जाताना कालनिर्णयावरच्या नोंदींचा फोटो आणि वापरलेल्या औषधाची रिकामी बाटली सोबत न्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

एर्लिचियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. कुत्रा पाचव्या दिवशी खायला लागतो आणि लोक गोळी बंद करतात. मग दोन महिन्यांनी तोच कुत्रा जास्त खराब होऊन येतो. बॅबेसियाला वेगळे औषध लागते, म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली पाकिटे वापरू नयेत. तापासाठी घरातली माणसांची गोळीही देऊ नये : आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने कुत्र्याचा रक्तस्राव वाढतो, आणि पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे आहे.

शेवटची तपासणी : घर स्वच्छ झाले का

तिसऱ्या फवारणीनंतर एक महिना कुत्र्याला पांढऱ्या धोतरावर झोपवावे आणि रोज सकाळी धोतर उजेडात धरून पाहावे. सलग तीस दिवस काहीच दिसले नाही तर गोळीचे अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावे. त्यावर खसखशीएवढे, चालणारे दाणे दिसले तर दुकानात जाऊन नवीन औषध आणू नये. टॉर्च घेऊन रात्री पुन्हा भिंतीपाशी बसावे.